तिरकी रेघ

"आत्या, आधी तू. आप्पांची तिरकी रेघ मार," हेमंत म्हणाला आणि त्यानं ते पेन माझ्यापुढे धरलं.

सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात आम्ही टेबलाभोवती उभे होतो. हेमंत माझा भाचा, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. शेजारी त्याची बायको मोनाली. समोर दुकानातले खोत म्हणून एक गृहस्थ, पन्नाशीचे, बोलायला भारी गोड. टेबलावर एक लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या पडद्यावर कोरा पांढरा कागद दिसत होता. त्यावर पेनानं चित्र काढता येतं, फोटोवर काम करता येतं, म्हणून तर आम्ही तासगावहून गाडी काढून आलो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी माझा उजवा हात पदराखाली डाव्या हातानं घट्ट धरून उभी होते.

कारण तो हात थरथरत होता. श्रावणापासून थरथरत होता, आणि हे माझ्याशिवाय कुणाला कळू नये म्हणून मी काय काय केलं होतं ते माझं मलाच माहीत.

तासगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे, माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी काढलेला. लग्नं, मुंजी, शाळेचे फोटो तर सगळेच करतात. पण आमचं नाव होतं ते एका कामासाठी. घरातलं माणूस गेलं की लोक पेट्या उलट्यापालट्या करून एखादा फोटो शोधून आणतात. तो नेमका कुणाच्या तरी बारशातला असतो, नाहीतर डोळे मिटलेला. मग म्हणतात, एवढे डोळे उघडून द्या. बाकीचे काय करतात, दुसऱ्या कुणाचे तरी डोळे आणून चिकटवतात. आप्पांना ते चालायचं नाही. आयुष्यभर भिंतीवरून परक्या बाईनं घरच्यांकडे बघत राहायचं का, असं विचारायचे. आमच्याकडे डोळे काढले जायचे. पापणीची ठेवण बघून, बहिणीचा, लेकीचा फोटो मागवून, घरच्यांना चार प्रश्न विचारून. आधी आप्पांनी काढले, ब्रशनं. मग मी. पुढे कॉम्प्युटर आला, तरी मी काढतच राहिले, माऊसनं.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही त्याला आता अर्थ नाही. भावाच्या घरात राहिले, आणि मान वर करून राहिले, ती या हाताच्या जोरावर. मला कुणी कधी वावगं बोललं असेल तर शपथ. भाऊ गेला, वहिनी गेली, हेमंतनं स्टुडिओ चालवायला घेतला, तरी "आत्याला विचारा" हे वाक्य काही बदललं नाही. पण आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे माणसाला आतून माहीत असतं. त्यामुळे पहिल्यांदा माऊस धरलेला हात आपोआप हलला तेव्हा मला जी भीती बसली, ती दोन महिने गेली नव्हती.

माऊसचं एक बरं. फोटो खूप मोठा करून घ्यायचा आणि ठिपका ठिपका करत जायचं. एक ठिपका चुकला की पुसायचा, पुन्हा मारायचा. दार लावून घेऊन मी असं काम करत बसायचे. एका दिवसाच्या कामाला आठवडा लागायला लागला. आणि इथंच सगळं फसलं. माझं काम रेंगाळतंय हे हेमंतच्या लक्षात आलं, आणि त्यानं निदान काय केलं, तर माऊस. "आत्या, डोळे काय माऊसनं काढायची गोष्ट आहे का? तुला पेनाचा लॅपटॉप घेऊ." झालं. गावभर सांगत सुटला, आत्यासाठी लॅपटॉप घेतोय.

मी किती सबबी सांगितल्या. काचेवर बघून डोळे दुखतात म्हटलं. माऊसची सवय झालीय, या वयात नवीन खूळ नको म्हटलं. शेवटी पितृपंधरवडा चालू आहे, खरेदी करू नये म्हटलं. तो हसला, आणि पंधरवडा संपायची वाट बघत बसला. घटस्थापना झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात.

त्यातून आप्पांची ती पद्धत. नवा ब्रश असो, नवी पेन्सिल असो, नाहीतर कामाला ठेवलेला नवा माणूस असो, आधी तिरकी रेघ मारून बघायची. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी न लावता, श्वास रोखून, आणि मुख्य म्हणजे सावकाश. घाईत मारलेली रेघ कुणाचीही सरळ येते म्हणायचे. आमच्या घरात त्या रेघेशिवाय कुठलंही हत्यार कामाला लागलेलं नाही. हेमंतनं नवा कॅमेरा घेतला तेव्हासुद्धा त्याच्या पेटीवर आप्पांनी त्याला रेघ मारायला लावली होती, कॅमेऱ्याचा आणि रेघेचा काय संबंध कोण जाणे.

तर त्या दुकानात मी पेन घेतलं. दुसरा काही उपायच नव्हता. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं, श्वास रोखला आणि रेघ ओढली. उकडलेल्या शेवयीसारखी वाकडीतिकडी रेघ आली.

आता हेमंत विचारणार, आता कळणार. पण मी मान वर करायच्या आत खोत म्हणाले, "बाई, तुमचा हात नाही हो, हे पेनच तसं आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या लॅपटॉपबरोबर जे पेन येतं ते लिहायला ठीक असतं, पण तिरकी रेघ सावकाश मारली की तिच्यात लाट येते. हात कुणाचाही असो. सांगायचं तर दुकानात येऊन कुणी अशी सावकाश रेघ मारतच नाही, सगळे आपलं नाव गिरबटून बघतात आणि घेऊन जातात. हेमंतला पटेना. त्यानं स्वतः मारून बघितली. त्याच्याही रेघेत लाट. मोनालीनं मारली, तिच्याही.

माझा जीव भांड्यात पडला. त्या लॅपटॉपला मी मनातल्या मनात ओवाळलं, दृष्टसुद्धा काढली. अशी सोय देवानं माझ्यासाठी करून ठेवली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हा लॅपटॉप घरी आला की काम रेंगाळलं तरी पेनाचं, रेघ हलली तरी पेनाची. वर्षं निघतील. मी लगेच त्याची तारीफ सुरू केली. रंग किती खरे दिसतात, वजनाला किती हलका आहे, पेन बोटांत कसं बसतं.

हेमंत माझ्याकडे बघत राहिला. रेघ वाकडी येतेय आणि तुला आवडला, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, मी फोटो एवढा मोठा करून काम करते की तेवढ्यानं काही बिघडत नाही. आणि त्यानं मान हलवली. या बाबतीत माझा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. तेवढं मात्र मला टोचलं.

पण खोत दुकानदार माणूस. ते आतून दुसरा घेऊन आले. किंमत जवळजवळ दुप्पट, पण पेन असं की ब्रशसुद्धा झक मारेल, इति खोत. यात लाट येत नाही, हात टेकवला तरी हाताचा डाग उमटत नाही, दाबाल तशी रेघ जाड होते. ते उघडून ठेवतायत तोवर हेमंतचा फोन वाजला. कुठल्या तरी लग्नाचे लोक होते. तो बोलत बोलत बाहेर पायऱ्यांवर गेला, आणि खोतांनी पेन माझ्याकडे दिलं.

मी म्हटलं, हा तापत नाही ना? ते म्हणाले नाही. मी म्हटलं, दसऱ्याला पूजा करतो आम्ही, हळदकुंकू सांडलं तर? ते म्हणाले, काचेवरचं पुसून घ्या, कीबोर्डच्या कळांत जाऊ देऊ नका. बिघडला तर दुरुस्त कोण करणार, काच किती जाड, पेनाला चार्जिंग लागतं का, मी आपली विचारतच होते. मोनाली शेजारी उभी होती, एक शब्द बोलत नव्हती. ती तशीही कमी बोलते. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघायची. मलाही शिकवा म्हणून एकदा म्हणाली होती, मी म्हटलं होतं, शिकवीन, घाई कसली आहे.

प्रश्न संपले. रेघ मारावी लागली.

लाट आलीच. आणि ती पहिल्या लॅपटॉपवरच्या लाटेसारखी नव्हती. तिथली लाट सगळीकडे सारखी होती. ही मात्र मध्येच बारीक, मध्येच एकदम झटका. खोत त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. दिवसभर माणसांच्या हातात पेन देणारा माणूस तो, त्याला कळायला किती वेळ लागणार. मला वाटलं, झालं, आता बोलणार. पण खोत म्हणाले, "निब सैल असेल." त्यांनी एक बारकासा चिमटा काढला, पेनाचं टोक उपसलं, दुसरं बसवलं, आणि पेन पुन्हा माझ्या हातात दिलं. मी दुसरी रेघ मारली. ती आधीपेक्षा वाईट आली.

"मग या नगातच काहीतरी दोष असेल," खोत माझ्याकडे न बघता म्हणाले. माझ्यासाठी ते स्वतःच्या मालाला नावं ठेवत होते. मला त्यांचे उपकार वाटले आणि रागही आला, की या परक्या माणसाला माझी दया का यावी.

तेवढ्यात हेमंत आत आला. पडद्यावरच्या दोन रेघा बघून म्हणाला, "यातही तेच? मग दुप्पट कशाला घालायचे? पहिलाच द्या."

खोत गप्प राहिले. मोठी विक्री हातची चालली होती, तरी गप्प. आता मला काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. सगळं आपसूक माझ्या मनासारखं होत होतं. मला आजही आठवतं, त्या क्षणी माझी धडधड थांबायला हवी होती, ती वाढली.

कारण कवठ्याचे एक म्हातारे माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांची बायको गेली होती. तिचा तोंड दिसेल असा एकच फोटो, लग्नातला, आणि अक्षता पडताना तिनं नेमके डोळे मिटलेले. एरवी जन्मभर पदर पुढे ओढून कडेला उभी राहिलेली बाई. ते दर आठवड्याला एसटीनं यायचे, स्टुलावर बसायचे, विचारायचे, "डोळं झालं का, बाई?" डावा झाला होता. उजवा मला जमत नव्हता. ठिपक्या ठिपक्यानं काढलेला डोळा जिवंत दिसत नाही, पापणीची कड एका दमात यावी लागते. मी त्यांना आज, उद्या करत होते. हा पहिला लॅपटॉप घरी नेला की तो डोळा कधीच होणार नव्हता, माझ्याच्यानं नाही आणि दुसऱ्या कुणाच्याच्यानं नाही. आणि आम्ही त्यांना सांगणार काय, तर मशीन तसं आहे.

"अहो, जरा थांबा," मोनाली हेमंतला म्हणाली.

तो म्हणाला, काय? ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं की हिला माहीत आहे. आज नाही, कधीपासूनच माहीत आहे. आणि ही बोलणार नाही, ते माझ्यावर सोडून देणार आहे. ती बोलली असती तर मी तिला जन्मात क्षमा केली नसती, हे मी खरं सांगते.

"हेमंत," मी म्हटलं, "पेन चांगलं आहे. हात माझा बिघडलाय."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी उजवा हात पदरातून काढला आणि टेबलावर ठेवला. तो तिथं आपला हलत राहिला. त्याला लपवायची सवय झाली होती, त्यामुळे तो असा सगळ्यांपुढे उघडा पडलेला बघून मलाच कसंतरी झालं. हेमंतचा चेहरा उतरला.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

काय सांगणार होते मी त्याला? तो मग भराभर बोलायला लागला. लॅपटॉप राहू दे, आधी मिरजेला डॉक्टरांकडे जाऊ, आत्ताच जाऊ, गाडी आहेच. मी म्हटलं, डॉक्टर काय उद्याही आहेत, आलोय तर लॅपटॉप घे, हा दुसरा घे.

"पण आता कुणासाठी घ्यायचा?" हेमंत म्हणाला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यालाही कळलं. पण दोन महिने जे ऐकायची मला धास्ती होती ते हेच वाक्य होतं, आणि ते ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं त्याच्या तोंडून ऐकलं. मी टेबलाची कड धरली.

मग मी पेन मोनालीपुढे केलं.

तिनं घेतलं नाही. मला तुमच्यासारखं नाही जमणार, म्हणाली.

"माझ्यासारखं कर असं कुणी म्हटलंय? रेघ मार."

तिनं पेन घेतलं आणि चटकन ओढून मोकळी झाली. सरळ आली, पण मी म्हटलं, ही नाही चालायची, सावकाश. तिनं पुसली. दुसऱ्यांदा तिनं हात टेकवला, श्वास घेतला आणि धरला. पेन वरच्या कोपऱ्यातून निघालं. मीही श्वास धरला होता. हेमंतनं धरला होता. खोतांनी कशाला धरला देव जाणे, पण त्यांनीही धरला होता. माझ्या दोन वेड्यावाकड्या रेघांच्या शेजारून ती रेघ खालच्या कोपऱ्यापर्यंत गेली, एकाही ठिकाणी न हलता.

मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? माझी ही रेघ तिशीत अशी यायची, आणि ती बघून आप्पा काही न बोलता ब्रशची पेटी माझ्याकडे सरकवायचे. आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, कवठ्याच्या बाईचा उजवा डोळा आता होईल. दोन्ही गोष्टी एकदमच वाटल्या.

खोत आत जाऊन नवा खोका घेऊन आले. नवीन मशीन दुकानातच सुरू करून द्यायची त्यांची पद्धत होती, म्हणजे घरी गेल्यावर गिऱ्हाईक अडत नाही. त्यांनी वरचा कागद काढला, लॅपटॉप चालू केला, भाषा निवडली, तारीख घातली. मग पडद्यावर एक चौकट आली.

"नाव काय टाकू?" खोतांनी विचारलं. "ज्यांचा आहे त्यांचं टाकायचं असतं."

हेमंत खाली फरशीकडे बघायला लागला. त्या फरशीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"इंदुमती उरुणकर," मोनाली म्हणाली. कुणी काही म्हणायच्या आत.

खोत टाईप करायला लागले. मी त्या चौकटीत माझं नाव एकेक अक्षरानं उमटताना बघितलं. इंदु झालं. मती झालं. फार छान दिसत होतं. मी म्हटलं असतं तर तसंच राहिलं असतं, कुणी हूं की चूं केलं नसतं. लॅपटॉप माझ्या नावानं घरी गेला असता, दसऱ्याला माझ्या नावानं पुजला असता, आणि मोनालीनं त्यावर गुपचूप माझ्या नावानं काम केलं असतं. तेवढी ती चांगली आहे.

"पुसा ते," मी म्हटलं. "मोनाली लिहा."

"आत्या, नको ना."

"लिहा हो तुम्ही."

खोतांनी हेमंतकडे बघितलं नाही, मोनालीकडे बघितलं नाही. माझं नाव त्यांनी मागून पुढे एकेक अक्षर पुसत नेलं आणि मोनाली लिहिलं. मशीननं तिचं स्वागत केलं.

आणि मला रडू कोसळलं. भर दुकानात, इतर गिऱ्हाइकांदेखत, पदर तोंडाला लावून मी रडले. भाऊ गेला तेव्हा मी अशी रडले नव्हते. डॉक्टरांनी पुढे त्या कंपाला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आता सात वर्षं होतील, मी मोनालीच्या शेजारी बसून तिला डोळ्यातला उजेड कुठं ठेवायचा ते तोंडानं सांगते आणि ती मला उलट उत्तरंही देते. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या अंगावरून काहीतरी कायमचं काढून घेतलं गेलंय, आणि ते मीच काढून दिलंय.

खोतांनी कुणाला तरी सांगून पाणी मागवलं. स्टीलचा पेला काठोकाठ भरलेला. माझा हात पुढे गेला आणि थांबला, कारण तो पेला मला सांडल्याशिवाय धरता येणार नव्हता. श्रावणापासून मी कुणासमोर पाणी पीत नव्हते.

मोनालीनं पेला उचलून माझ्या ओठांना लावला. हेमंत बघत होता, खोत बघत होते. मी तोंड उघडलं आणि प्यायले.